पंधरा फुटांचा हॉल

‘दादा, बेस परत गेला.’

एरवी असा फोन आला की मला हसू येतं. बेस म्हणजे काय मांजर आहे, जाऊन-येऊन राहायला? या वेळी मात्र पोटात गोळा आला. तो सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज (बेस) वाजवणारा पेटीसारखा स्पीकर, बारा दिवसांपूर्वी मीच दुरुस्त करून दिला होता, 2,800 रुपये घेऊन. दुकानात टेस्ट करताना तो टेबलावरचे स्क्रू नाचवत होता.

डोंबिवलीत माझं ऑडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. ‘सब वाजतो, पण दम नाही’ ही तक्रार निम्म्याहून जास्त वेळा पेटी न उघडताच सुटते. टीव्हीचा आवाज ‘पीसीएम’वर ठेवलेला असतो, म्हणजे रिसीव्हरला (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या अँप्लिफायरच्या डब्याला) दोनच चॅनल मिळतात आणि सिनेमातला खास बेससाठीचा चॅनल टीव्हीतच गळतो. नाहीतर रिसीव्हरमध्ये पुढचे स्पीकर ‘लार्ज’ नोंदवलेले असतात, मग गाण्यांचा सगळा खर्ज त्या बिचाऱ्या पाच इंची स्पीकरांच्या गळ्यात आणि सब बसलाय रिकामा. काही ठिकाणी ठरावीक सुराच्या वरचा आवाज गाळणारा कट रिसीव्हरमध्येही आणि सबच्या मागच्या नॉबवरही कट, एका चाळणीखाली दुसरी चाळणी. व्हिडिओ बघून नॉब फिरवणाऱ्यांनी माझं पोट भरलंय, त्यामुळे त्यांना नावं ठेवत नाही. या घरी पहिल्या भेटीत हे सगळं तपासलं होतं. सगळं जागेवर होतं.

म्हणून पेटी दुकानात आणून उघडली होती. दहा इंची ड्रायव्हर, म्हणजे पेटीतला प्रत्यक्ष वाजणारा स्पीकर. दीड व्होल्टचा सेल लावला तर त्याचा शंकूसारखा पडदा झटकन पुढे आला, कुठे घासल्याचा आवाज नाही. कड रबराची, शाबूत. (फोमची असती तर आपल्याकडच्या दमट हवेत तिचा केव्हाच भुगा झाला असता.) मग मागची अँप्लिफायरची प्लेट काढली, आणि तिथे इनपुटच्या वाटेवरचा 10 मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर (आवाजाचा सिग्नल पुढे जाऊ देणारा भाग) सापडला, तापणाऱ्या रेझिस्टरला अगदी चिकटून बसवलेला. बोर्डाची अशी मांडणी करणाऱ्या माणसाला एकदा मे महिन्यात माझ्या दुकानात पत्र्याखाली बसवायला हवं. कॅपॅसिटर काढून मीटरवर लावला. दहाच्या जागी 0.4.

ज्यांना यात रस नाही त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण माझा आनंद त्यातच होता. कॅपॅसिटरच्या पुढे 10 किलोओहमचा रेझिस्टर होता. 10 मायक्रोफॅरड असताना ही जोडी वरपासून खाली साधारण 1.6 हर्ट्झपर्यंतचं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) सगळं पुढे सोडते. तोच कॅपॅसिटर वाळून 0.4वर आला की 40 हर्ट्झच्या आसपासच गळती सुरू होते. वरचा आवाज जसाच्या तसा राहतो, फक्त तळ जातो. म्हणजे ‘वाजतो, पण दम नाही’. पुस्तकात छापावं असं लक्षण! लॅमिंग्टन रोडवरून आणलेले 105 डिग्रीवाले कॅपॅसिटर होतेच, ते बसवले. सब घरी लावून देताना मागचा गेनचा, म्हणजे सबचा आवाज वाढवायचा, नॉबही मी जरा पुढे केला. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून. सगळे करतात.

40 हर्ट्झला ही गळती 3 डेसिबलची असते. आजारी सब सुधारला हे जाणवण्याइतकी नक्कीच, पण हरवलेला बेस परत येण्याइतकी नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. सापडलेला दोष इतका देखणा होता की पुढे शोधावंसं वाटलं नाही.

बारा दिवसांनी, रविवारी दुपारी, पुन्हा त्यांच्या हॉलमध्ये उभा होतो. या वेळी लॅपटॉप, मोजणीचा माइक आणि टेप घेऊन. साहेबांचा चेहरा उतरलेला. मधल्या काळात एका दुकानदाराने त्यांना बारा इंची सब घ्यायचा सल्ला देऊन टाकला होता. दुकानदारांकडे प्रत्येक रोगावर हेच औषध असतं, दोन इंच वाढवा.

‘साहेब, बेस कमी झाल्याचं पहिल्यांदा कधी वाटलं?’

‘दिवाळीनंतर.’

‘दिवाळीत घरात काय बदललं? नवा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स?’

‘काहीच नाही हो.’

आतून वहिनी म्हणाल्या, ‘काहीच नाही कसं? आई आल्या ना.’

तेव्हा मी सोफ्याच्या मागे पाहिलं. पहिल्या भेटीतही पाहिलं असणारच, पण दिसलं नव्हतं. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात खाट होती आणि खाटेवर आजी. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना गावाहून इकडे आणलेलं. खाटेशेजारून वॉकर जाईल एवढी वाट ठेवायची म्हणून सोफा भिंतीपासून सुटून पुढे आला होता.

टेप लावली. हॉल पंधरा फूट लांब. सोफ्यावर बसणाऱ्याचं डोकं मागच्या भिंतीपासून सात, सव्वासात फुटांवर.

परातीत पाणी घेऊन ती हलवली तर पाणी कडांना चढतं-उतरतं आणि मध्ये जवळजवळ जागच्या जागी राहतं. बंद खोलीत खर्जाचं तसंच होतं. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. पंधरा फूट म्हणजे 4.57 मीटर, या लांबीत 38 हर्ट्झची अर्धी लहर अचूक मावते. त्या सुरावर दोन्ही भिंतींशी हवेचा दाब भरपूर आणि मधोमध जवळजवळ शून्य. साहेबांनी आईसाठी सोफा पुढे घेतला आणि स्वतः परातीच्या मधोमध येऊन बसले. सब पुढच्या कोपऱ्यात, म्हणजे परात जिथून सर्वांत जोरात हलते तिथेच.

मोजून खात्री करायची म्हणून लॅपटॉपवरून 38 हर्ट्झचा सलग सूर लावला. सोफ्यावर बसलो, तर सब बंद आहे की काय असं वाटलं. उठून मागे गेलो. खाटेजवळ पोचेपर्यंत पोटात हादरे बसायला लागले, कपाटाचं दार थरथरत होतं. आजी डोळे मिटून पडल्या होत्या. कानातलं यंत्र उशीशेजारी डबीत. त्यांनी हात छातीवर ठेवला आणि हाक मारली, ‘अगं, आलं बघ परत.’

वहिनी धावत आल्या. ‘काय झालं आई?’

‘तेच. धडधड.’

वहिनींनी सांगितलं ते असं. आजींना संध्याकाळी छातीत धडधडतं. आधी ‘कसंतरी होतं’ म्हणायच्या, गेल्या आठवड्यापासून फार वाढलं. परवाच ईसीजी काढला, तो चांगला आला. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, पुन्हा बोलावलंय.

मी सूर बंद केला. आजींच्या हातावर हात ठेवून, जवळ तोंड नेऊन मोठ्याने विचारलं, ‘आजी, आहे का अजून?’

‘गेलं रे बाळा. असंच जातं.’

लावला. ‘आलं.’ बंद केला. ‘गेलं.’ तीनदा केलं. तिसऱ्या वेळी साहेब स्वतःच म्हणाले, ‘पुरे.’

संध्याकाळी त्या कानातलं यंत्र काढून ठेवायच्या. पुढे सिनेमा चाललाय हे त्यांना ऐकूच येत नव्हतं, नुसता तळ यायचा, खाटेतून आणि फासळ्यांतून. माइक लावून नंतर मोजलं तेव्हा त्या सुराला सोफा आणि खाट यांत 18 डेसिबलचा फरक निघाला. साहेब सोफ्यावर बसून बेस शोधत आवाज वाढवत होते, आणि तो सगळा मागे आईच्या अंगावर जात होता.

पुढचं काम सोपं होतं. सोफा हलवणं शक्य नव्हतं, म्हणून सब हलवायचा. यासाठी जुनी युक्ती आहे: सब उचलून सोफ्यावर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरायचं. जिथे बेस भरीव ऐकू येईल ती सबची जागा. पन्नाशीचा माणूस लादीवर रांगताना बघून आजी उठून बसल्या. ‘काय हरवलं रे?’ मी म्हटलं, ‘बेस.’ त्यांना ऐकू गेलं नाही.

सब शेवटी सोफ्याला लागूनच बाजूला गेला. परातीच्या मधोमध हलवलं तर कडांना पाणी चढत नाही, आणि ऐकणारा जवळ असल्यामुळे आवाजही कमी लागतो. केबलला केसिंग पट्टी मारली, गेन खाली आणला, फेजचा नॉब (सबची लहर बाकी स्पीकरांच्या लहरीशी जुळवणारा) फिरवून पाहिला. सिनेमातला एक स्फोट लावला. साहेब नुसतेच ‘हं’ म्हणाले. मी खाटेपाशी गेलो. आजी म्हणाल्या, ‘आहे, पण मुंगीएवढं.’

दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर पहिल्या बिलाची प्रत काढली. ‘कपलिंग व फिल्टर कॅपॅसिटर बदलले.’ खोटं काहीच नाही. पण तारीख बघितली आणि वहिनींचं ‘गेल्या आठवड्यापासून फार वाढलं’ आठवलं. 3 डेसिबल माझ्या कॅपॅसिटरचे, आणि वर मी स्वतःच्या हाताने पुढे केलेला नॉब. सब आजारी होता तोवर आजींना निदान थोडा आसरा होता. अर्थात ब्याऐंशी वर्षांच्या बाईला धडधडायला दुसरी शंभर कारणं असू शकतात, आणि मी सोल्डरिंग करणारा माणूस आहे. साहेबांना एवढंच सांगितलं होतं की पुढच्या वेळी डॉक्टरांना हे सबचं सांगा. सांगताना नॉबचा विषय मी काढला नाही.

तीन आठवड्यांनी साहेबांचा मेसेज आला. बेस छान आहे, फक्त पूर्वीसारखं घर हादरत नाही, त्यासाठी काही करता येईल का? मी उलट विचारलं, आजींची धडधड कशी आहे?

‘बरीच कमी. गोळी पण चालू आहे.’