व्यायामाच्या दिवशी देह सुटतो का?

व्यायामाचा आणि देहाबाहेर पडण्याच्या प्रयोगाचा काय संबंध, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. संध्याकाळी माझ्याकडे शिथिलीकरण शिकायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी अधूनमधून सतरंजी गुंडाळत रेंगाळतं आणि बाकीचे गेले की हळूच विचारतं, "मॅडम, ते अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शन म्हणतात ना, देहाबाहेर पडणं, त्यासाठी व्यायाम केलेला बरा की न केलेला?" विचारणारा बहुधा जिमला जाणारा असतो. दमलेलं शरीर पटकन सुटतं, असं त्याला एकाने सांगितलेलं असतं. स्नायू कमावले की देह जड होतो आणि सूक्ष्म देहाला, म्हणजे बाहेर पडतो असं मानतात त्याला, सोडत नाही, असं दुसऱ्याने. हे दुसरं ऐकून मला हसू आवरत नाही. डंबेल्स मारून आत्मा जाडजूड होत असता, तर आपल्या सगळ्या तालमी कधीच ओस पडल्या असत्या.

माझं उत्तर असं, की व्यायाम जरूर करा, पण त्यावरून उठून लगेच प्रयोगाला आडवे होऊ नका. व्यायाम संध्याकाळी आणि प्रयोग पहाटे.

देहाबाहेर पडण्याचे मार्ग सांगणाऱ्यांचं एका गोष्टीवर जवळपास एकमत असतं : शरीर झोपलेलं हवं आणि मन जागं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये राहिलेले रॉबर्ट मन्रो मूळचे रेडिओच्या धंद्यातले. 1971 साली त्यांनी स्वतःच्या अशा अनुभवांवर पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या संस्थेत हीच अवस्था पहिली पायरी म्हणून शिकवतात. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांच्या योगनिद्रेतही, म्हणजे आडवं पडून जागेपणी घ्यायच्या विश्रांतीतही, सुरुवातीलाच बजावतात, की झोपू नका. आता अडचण बघा. व्यायामाने शरीर झोपायला तयार होतं, हे खरंच. पण सोबत मनही पेंगायला लागतं. तासभर बैठका मारून आलेला माणूस शवासनात पडला की पाचव्या मिनिटाला घोरतो. शेजारच्याचीही तंद्री मोडते. घोरणाऱ्याला उठल्यावर वाटतं, आज काय सुंदर रिलॅक्स झालो! झोप झाली बाबा तुझी, छानच झालं, पण ज्यासाठी आला होतास ते राहून गेलं.

सैल पडणं म्हणजे काय, हे मला माणसांच्या हातांवरून कळतं. शवासनात पडलेल्याचं मनगट मी दोन बोटांनी उचलते. खरोखर सैल असलेला हात ओला टॉवेल उचलल्यासारखा लागतो, सोडला की धप्प पडतो. बहुतेकांचा तसा नसतो. मी उचलायच्या आतच हात आपणहून वर येतो, मला मदत करायला! सोडला तर हवेतच राहतो. डोळे मिटलेले, चेहरा शांत, आणि हात अधांतरी. "सोडा ना," म्हटलं की उत्तर येतं, "सोडलाय की." यात खोटेपणा नसतो. त्याला खरंच वाटत असतं की सोडलाय. जबडा बघावा तर दाढा एकमेकींवर घट्ट, पायाचे अंगठे छताकडे रोखलेले.

शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी या उरलेल्या ताणावरच आयुष्य घालवलं. 1929 साली त्यांनी आपली पद्धत पुस्तकात मांडली : एखादा स्नायू मुद्दाम आवळायचा, तो आवळल्याची जाणीव नीट टिपायची, मग सोडायचा. ताण ओळखता आला की तो सोडता येतो, हे तिचं सूत्र. व्यायामाचा मोठा उपयोग मला इथे दिसतो. ज्याने रोज सूर्यनमस्कार घातलेत, जोर मारलेत, त्याला खांदा केव्हा कामाला लागतो आणि केव्हा सुटतो हे आतून माहीत असतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला खांदा नावाची वस्तू दुखायला लागेपर्यंत जाणवत नाही. म्हणून तालमीतली पोरं शिथिलीकरण लवकर शिकतात. फक्त ती व्यायाम करून सरळ माझ्याकडे यायला नकोत.

यात नवं काही नाही. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद योगाकडे वळायच्या आधी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली व्यायाम शिकले होते. आणि हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात शवासनाची दोन कामं सांगितली आहेत : ते थकवा घालवतं आणि चित्ताला विश्रांती देतं. माझ्या अनुभवाने ती याच क्रमाने होतात. दमून आलेल्याचा सगळा वेळ पहिल्या कामातच खर्ची पडतो.

व्यायामानंतर लगेच प्रयोगाची घाई का नको, तेही सांगते. जोरदार व्यायामानंतर नाडी खाली यायला वेळ लागतो, अंगातली गरमी उतरायला त्याहून जास्त. तोवर पडून राहिलं की कानशिलात ठोके ऐकू येतात, तहान लागते, पोटरीत गोळा येतो. लक्ष बाहेर कसलं जातंय, ते पोटरीतच अडकतं. नवशिक्याने एकदम जास्त केलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग असं आंबतं की कूस बदलतानासुद्धा "आई गं" निघतं. शिवाय मांड्या थरथरतात. देह सुटण्याआधी कंप जाणवतात असं या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात असतं, त्यामुळे ती थरथर पाहून काही जण हरखून जातात. ते कंप बैठकांचे असतात.

पहाटेचं कारण झोपेच्या रचनेत आहे. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोपेचा वाटा मोठा, आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप लांबत जाते. स्वप्न पडत असताना मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा खरोखर खाटेवरून उठून पळाला असता. हा सैलपणा टिकून असतानाच मन जागं झालं, की हलता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, अंगात गुंजन होतं, कधी आपण तरंगतोय असं वाटतं. खूप जण याला घाबरतात. देहाबाहेर पडू पाहणारे इथूनच सुरुवात करतात. जे शिथिलीकरण संध्याकाळी अर्धा तास खटपट करून जेमतेम साधतं, ते पहाटे शरीराने स्वतःच करून ठेवलेलं असतं. आदल्या संध्याकाळी बेताचा व्यायाम झाला असेल तर गाढ झोपेची भूक रात्रीच भागते, आणि पहाटे जाग आली तर मन पुन्हा बुडत नाही. पाच-साडेपाच तास झोपून उठावं, तोंडावर पाणी मारावं, थोडं बसावं, मग पाठीवर पडावं. सूर्यनमस्कार नंतर, उजाडल्यावर.

सिल्व्हन मल्डून नावाच्या अमेरिकन तरुणाचं सूक्ष्म देहावरचं पुस्तकही 1929 सालचंच. हा स्वतः सतत आजारी असे, आणि अशक्त शरीर लवकर सुटतं असं त्याचं म्हणणं. ते वाचून एक मुलगा माझ्याकडे जेवण कमी करून, व्यायाम बंद करून आला होता. त्याला मी आधी जेवायला पाठवलं. अशक्तपणात, तापात, जागरणात माणसाला काहीबाही दिसतं, हे आपल्या आज्ज्यांनाही माहीत होतं. त्यासाठी साधना कशाला?

मग बाहेर नक्की काय पडतं, हाही प्रश्न येतोच. नवनाथांच्या पोथीवर वाढलेल्यांना मच्छिंद्रनाथांनी मेलेल्या राजाच्या देहात प्रवेश केला ही कथा पाठ असते, त्यांना शंकाच नसते. दुसरीकडे जिनिव्हाला 2002 साली ओलाफ ब्लांके यांच्या चमूने अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या, एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत उजव्या बाजूला एका ठिकाणी हलका विजेचा प्रवाह दिला, तेव्हा आपण वरून स्वतःला पलंगावर पडलेलं पाहतोय असं ती सांगू लागली. मी स्वतः मेंदूच्या बाजूला झुकते. वर्गात वाद घालत नाही. अनुभव येतो यात मला शंका नाही, आणि व्यायाम कधी करावा हे ठरवायला तेवढं पुरतं.

अपस्माराचा त्रास असलेल्यांनी, किंवा ज्यांना एरवीही आवाज ऐकू येतात त्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. आणि हे रोज करायचं नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री करावं, म्हणजे मोडलेली झोप दुपारी भरून काढता येते.

रात्रपाळीवाले विचारतात, आम्ही काय करावं? तुमची पहाट मशीनसमोर जाते, झोप दिवसा तुटक होते. तुम्ही हा नाद सध्या ठेवा बाजूला. घरी आल्यावर वीस मिनिटं चाला, पडदे ओढा आणि सरळ झोपा. पाळी बदलली की या, मग बघू.