टर्नरचं ‘फायटिंग टेमरेअर’: नोंद 3, धूर आणि सूर्य

इंग्रज चित्रकार टर्नरच्या या चित्रात वाफेची काळी बोट जुनं शिडाचं लढाऊ जहाज ‘टेमरेअर’ ओढून नेते आहे. मूळ कॅनव्हास 90.7 बाय 121.6 सेंमी, लंडनच्या नॅशनल गॅलरीत. ए3 (29.7 बाय 42 सेंमी) कागदावर प्रिंट काढताना तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याला चित्र ओढून कागदभर बसवू देऊ नका. उंची 29.7 सेंमी धरली की रुंदी 39.8 येते, म्हणजे दोन्ही कडांना सेंटीमीटरभर कोरं राहायलाच हवं. ओढलं तर जहाज लांबट होतं आणि डोलकाठ्या ठेंगण्या पडतात. पिवळी शाई संपत आली असेल तर सूर्यास्त गुलाबी येतो. अशा प्रिंटवरून रंगाबद्दल काहीच बोलू नये.

प्रिंटवर पारदर्शक शीट लावून मार्करने क्षितिज, सूर्य आणि धुराचा कल एवढंच आखलं.

धुरात सगळे फसतात. काळ्या बोटीच्या धुराड्यातून धूर मागे, ओढल्या जाणाऱ्या जहाजाकडे जातो. म्हणून वारा समोरून आहे असं लगेच धरू नका. धुऱ्यावर उभं राहून ट्रॅक्टर पाहा: हवा पडलेली असली तरी सायलेन्सरचा धूर मागेच राहतो, कारण गाडी पुढे सरकते. मागून गाडीपेक्षा जोराचा वारा आला की तोच धूर ड्रायव्हरच्या पुढे पळतो. चित्रातलं पाणी जवळजवळ आरशासारखं आहे, तेव्हा हा धूर बोटीच्या वेगाचा. शिडाच्या जहाजात हिशेब उलटा. मागून वारा घेऊन चाललेलं जहाज त्या वाऱ्याला मागे टाकू शकत नाही, म्हणून त्याचं निशाण नाळेकडे, पुढे फडकतं. हौशी चित्रकार ते हमखास मागे फडकवतात.

आता सूर्य. 1838 साली हे 98 तोफांचं, 1805 च्या ट्रफाल्गर इथल्या समुद्री लढाईतलं जहाज थेम्सच्या मुखाजवळच्या शिअरनेसहून लंडनमधल्या रॉदरहाइथला मोडीत काढायला नेलं. म्हणजे थेम्स नदीतून वर, पश्चिमेकडे. मावळतीचा सूर्य समोर हवा. चित्रात तो पाठीमागे आहे. शिवाय डोलकाठ्या निघण्याआधीच उतरवल्या होत्या आणि ओढणाऱ्या बोटी दोन होत्या. टर्नरने काठ्या परत उभ्या केल्या, शिडं गुंडाळून ठेवली आणि बोट एकच ठेवली. याला चूक म्हणायला आमची तयारी नाही. तीनही बदल एकाच बाजूला झुकतात: उंच, फिकट, थकलेलं जहाज आणि त्याच्यापुढे ठेंगणी काळी बोट.

‘वाफ जिंकली, शीड हरलं’ हे वाचन सोपं आहे, पण निशाणाकडे आधी बघा. 1839 च्या प्रदर्शनाच्या यादीत चित्राखाली दिलेल्या ओळींत, लढाईतलं ते निशाण आता या जहाजाचं राहिलं नाही, असं म्हटलंय. पांढरं निशाण आहे ते ओढणाऱ्या बोटीवर. जहाज आरमाराने विकून टाकलेलं, त्याच्या काठ्यांवर निशाण नाही.

उजवीकडे खाली काळपट बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) आहे. त्यावर अंगठा ठेवून चित्र पाहा: डावीकडचं जहाज एकदम जड होतं. पुढच्या नोंदीत तोच कोपरा घेऊ.