अथनेशियस शिकवायचा तर बाप्तिस्म्यापासून सुरुवात करा

जालना असो की बीड, आपल्या मराठवाड्यातल्या मंडळ्यांत चौथ्या शतकातल्या, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसचा विषय निघाला की पाच हद्दपाऱ्यांची यादी सांगण्यातच तास संपतो. यादी खरी आहे. पण एवढं सोसलं कशासाठी, ते तिच्यातून कळत नाही. म्हणून सुरुवात बाप्तिस्म्यापासून करावी.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने आपण बाप्तिस्मा देतो. अलेक्झांड्रियाचाच एक पाळक, अरियस, शिकवायचा की पुत्र सर्वांत थोर आहे, सर्वांच्या आधीचा आहे, पण घडवलेलाच आहे. अथनेशियसने विचारलं, मग निर्माणकर्त्याच्या नावाला निर्मितीचं नाव कशाला जोडता? जो स्वतःच घडवलेला, तो आपल्याला देवाशी कसा जोडणार? त्याचं सगळं ईश्वरविज्ञान या प्रश्नावर उभं आहे. तारण देवच करू शकतो, म्हणून तारणारा देवच असला पाहिजे.

अरियसला मूर्ख ठरवू नका. त्याच्या बाजूलाही वचनं होती. वर्गात आधी नीतिसूत्रे 8:22 (परमेश्वराने आरंभी मला निर्माण केलं, असं ज्ञान म्हणतं) आणि कलस्सै 1:15 (पुत्र सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ) मोठ्याने वाचून घ्या आणि ऐकणाऱ्यांना थोडं अडू द्या. मग कलस्सैचं 16 वं वचन वाचा. ज्याच्या ठायी सर्व काही निर्माण झालं, त्याला निर्माण झालेल्यांत कसं मोजायचं? इथे अथनेशियसचं बोलणं पक्कं बसतं. नीतिसूत्रांचं वचन तो देहधारणाला, म्हणजे पुत्र माणूस झाला त्याला, लावतो. ते मला ओढून आणल्यासारखं वाटतं आणि वर्गात तसं सांगायला हरकत नाही, कारण त्याचा मुख्य मुद्दा त्यावर अवलंबून नाही.

त्रैक्य समजावताना पाणी, बर्फ आणि वाफेचा दाखला संडे स्कूलमध्ये सर्रास दिला जातो. तो टाळा. त्यातून एकच देव तीन रूपं पालटतो असा अर्थ निघतो, आणि ती सबेलियस या जुन्या शिक्षकाची चूक झाली, जी मंडळीने नाकारली. अथनेशियस स्वतः झरा आणि नदी म्हणतो: पिता झरा, पुत्र नदी, आणि आपण जे पितो ते आत्म्याचं.

आता तपशिलातल्या चुका. 325 साली निकाया इथे अरियसच्या शिकवणीवर बिशपांची सभा भरली, तेव्हा अथनेशियस बिशप नव्हता. बिशप अलेक्झांडरसोबत गेलेला डिकन, म्हणजे साहाय्यक सेवक, होता. बिशप झाला 328 मध्ये. त्याच्या नावाने चालणारा मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) त्याचा नाही, तो बराच नंतरचा, लॅटिनमधला. आणि उपासनेत आपण म्हणतो त्या निकायाच्या मतांगीकाराचं आजचं रूप 381 च्या सभेशी जोडलं जातं. अथनेशियस 2 मे 373 लाच वारला होता.

हद्दपाऱ्या कारणांसकट सांगाव्यात. 335 मध्ये सोर (टायर) इथल्या बिशपांच्या सभेपुढे आरोप होता की त्याने आर्सेनियस नावाच्या बिशपला मारून त्याचा हात तोडला. कापलेला हात पुरावा म्हणून मांडलेला होता. अथनेशियसने आर्सेनियसलाच जिवंत, दोन्ही हातांनिशी, सभेत उभं केलं! तरी सुटका झाली नाही. अलेक्झांड्रियाहून राजधानीला जाणारं धान्य अडवण्याची धमकी दिली, असा नवा आरोप आला आणि निकायाची सभा बोलावणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइननेच त्याला आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरला धाडलं. 356 च्या फेब्रुवारीत रात्रीची उपासना चालू असताना सैनिक चर्चमध्ये घुसले. तो निसटला आणि वाळवंटातल्या संन्याशांत वर्षानुवर्षं लपून राहिला. पाच हद्दपाऱ्या मिळून सुमारे 17 वर्षं होतात.

त्याला निव्वळ संत करूनही सांगू नये. इजिप्तमधल्या मंडळीतून फुटलेल्या मेलेतियस गटाच्या लोकांना त्याच्या समर्थकांनी मारहाण केल्याचं सांगणारं पपायरसवरचं पत्र सापडलेलं आहे. आणि हाच माणूस 362 च्या अलेक्झांड्रियाच्या सभेत, शब्द वेगळे पण विश्वास एक असणाऱ्यांना जवळ घेतो. हा बदल वर्गात जरूर दाखवावा.

शेवटी 367 चं पत्र. पुनरुत्थानाच्या सणाची तारीख कळवायला तो दरवर्षी मंडळ्यांना पत्र पाठवायचा. त्या वर्षीच्या पत्रात नव्या कराराची 27 पुस्तकं आहेत, नेमकी आपलीच. मुलांना मराठी बायबलची अनुक्रमणिका उघडून ताडून पाहायला लावा. आपल्याकडे प्रेषितांच्या कृत्यांनंतर रोमकरांस पत्र येतं. त्याच्या यादीत आधी याकोब, पेत्र, योहान, यहूदा यांची सात पत्रं आणि मग पौलाची 14, इब्री धरून. जुन्या करारात एस्तेर मात्र त्याने मुख्य यादीबाहेर, नवशिक्यांनी वाचायच्या पुस्तकांत ठेवली आहे. मुलं त्यावर प्रश्न विचारतीलच. त्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा.