तीन तासांत काढलेलं स्थळ

गेले तीन वीकेंड मी एका सोळा वर्षांच्या विधवेचा काळा झगा रंगवतोय. परवा आईने मागून स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "कुणाकडचं स्थळ रे?" आणि गंमत म्हणजे तिने बरोब्बर ओळखलं, चित्र स्थळाचंच आहे!

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. तिसरी बायको जेन सीमोर १५३७ मध्ये बाळंतपणानंतर गेली आणि लगेच चौथीची शोधाशोध सुरू. फोटो मागवायची सोय नाही, म्हणून दरबारातला चित्रकार हान्स होल्बाइन ब्रसेल्सला रवाना. मुलगी म्हणजे डेन्मार्कची क्रिस्टीना, मिलानच्या ड्यूकची बायको, नवरा १५३५ लाच वारलेला. १२ मार्च १५३८, दुपारी एक ते चार, एवढाच वेळ मिळाला, त्यात स्केच करून गडी परत, आणि मग त्यावरून ओकच्या फळ्यांवर १७९ सेंटीमीटर उंचीचं अख्खं उभं पेंटिंग. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

मी त्याचीच नक्कल करतोय, आपलं क्रिटामध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर), जुन्या टॅबलेटवर. पहिल्या दिवशी झग्याला सरळ काळा रंग भरला, तर चित्राला भोक पडल्यासारखं दिसायला लागलं. मग मूळ चित्र झूम करून बघितलं तर तिथे नुसता काळा जवळपास कुठेच नाही, सॅटिनच्या चुण्यांवर राखाडी चमक, कडेने तपकिरी फर, आणि हे सगळं इतकं दबक्या आवाजात की नजर आपोआप चेहरा आणि हातांवरच जाते. दागिना म्हणाल तर बोटात लाल खड्याची अंगठी, बाकी हातात मोजे. मागची निळसर हिरवी भिंत सोपी वाटली म्हणून तिच्यावरची सावली मी आधी काढलीच नव्हती, तर बाई स्टिकरसारखी चिकटवलेली दिसायला लागली. सावली टाकल्यावर उभी राहिली एकदाची.

स्केच बघून हेन्री एवढा खूश झाला की दिवसभर वाजंत्री वाजवत ठेवली म्हणे. पण लग्न काही जमलं नाही. आणि कसं जमणार? दुसऱ्या बायकोचं मुंडकं १५३६ मध्येच उडवलेलं, आणि जिला सोडण्यासाठी त्याने पोपशी भांडण घेतलं ती पहिली बायको कॅथरीन म्हणजे क्रिस्टीनाच्या आजीची सख्खी बहीण! "मला दोन डोकी असती तर एक इंग्लंडच्या राजाला दिलं असतं" असं ती म्हणाली म्हणतात, पण ते मागाहून कुणीतरी रचलेलं दिसतं. (मस्त रचलंय पण.) तिने १५४१ मध्ये दुसरीकडे लग्न केलं. हेन्रीने मात्र नकार आलेल्या स्थळाचं चित्र मरेपर्यंत ठेवून घेतलं.

माझे हात अजून जमत नाहीयेत. चेहरा त्यामानाने लवकर झाला, ओठांच्या कोपऱ्यात ती हसतेय की नाही ते होल्बाइननेच ठरवलं नसावं, मी पण तसंच सोडलंय. पण बोटं चौथ्यांदा पुसली, दर वेळी भेंडीसारखी होतात.