आता ताई प्रार्थना करतील

घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेत एक क्षण असा येतो, की सगळ्यांच्या नजरा एकदम खाली जातात. गाणं संपलेलं असतं, पेटीवाल्याने भाता अजून मिटलेला नसतो आणि पाळकसाहेब चष्मा वर सरकवत खोलीभर बघत असतात. आता कुणाचा नंबर? जो तो बायबलची पानं चाळायला लागतो, जणू हबक्कूकाचं ते छोटंसं पुस्तक आत्ताच सापडलं पाहिजे. "आता ताई प्रार्थना करतील," असं ते म्हणाले की ताईंच्या पोटात गोळा येतो. ताई बहुतेकदा मीच असते.

"हे दयाळू, प्रेमळ स्वर्गीय पित्या" एवढं आपोआप येतं. पुढे मात्र मन भलतीकडेच पळतं. सकाळीच जावेशी वाजलंय, शास्त्र वाचून आठवडा झालाय, समोर बसलेल्या आजींची प्रार्थना कशी झुळझुळ वाहते आणि आपण "आणि, आणि" करत अडखळतो. मी कोण लागून गेले इतरांसाठी मागणारी?

हा "मी कोण?" फार जुना आहे. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायात जळत्या झुडपासमोर उभा राहून मोशेने नेमकं हेच विचारलं. इस्राएल लोकांना गुलामीतून सोडवायला देव त्याला मिसरच्या राजाकडे, फारोकडे, पाठवत होता, आणि तो म्हणाला: फारोकडे जाणारा मी कोण? देवाला सांगण्यासारखं बरंच होतं. तू फारोच्या मुलीच्या हाताखाली वाढलास, दरबाराचे रीतिरिवाज तुला ठाऊक आहेत, तुझ्याइतका लायक माणूस मिळायचा नाही. यातलं अक्षरही देव बोलत नाही. "मी तुझ्याबरोबर असेन," एवढंच म्हणतो. प्रश्न मोशेविषयी होता, उत्तर देवाविषयी आलं. हल्ली उपदेशातही आत्मविश्वासाचे डोस मिळतात: तू विजेता आहेस, तुझ्यात सामर्थ्य आहे. ऐकताना बरं वाटतं, पण मोशेला हे कुणी सांगितल्याचं मला तरी कुठे आढळलेलं नाही.

त्या उत्तराने मोशेचं समाधान झालं असंही नाही. लोक विश्वास ठेवणार नाहीत, मी तोंडाचा जड, जिभेचा जड, आणि शेवटी तर सरळ, दुसऱ्या कुणालातरी पाठव. तेव्हा देव रागावला. तरी काम काढून घेतलं नाही, त्याच्या भावाला, अहरोनाला, बोलायला जोडीला दिलं. गिदोनाचं तर विचारूच नका. मिद्यानी शत्रूंच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत बसलेला माणूस, आणि देवदूत त्याला हाक मारतो "बलवान वीरा" म्हणून! त्याने खळ्यात लोकर ठेवून देवाची एकदा परीक्षा घेतली, दव फक्त लोकरीवर पडू दे म्हणून, मग दुसऱ्या रात्री पुन्हा घेतली, आता लोकर कोरडी आणि जमीन ओली असू दे म्हणून. देवाने दोन्ही वेळा ऐकलं.

म्हणून "शंका म्हणजे सैतानाचं काम" असं कुणी व्यासपीठावरून ठणकावलं की मला मत्तयाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं पान आठवतं. गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य आहेत. पुनरुत्थित येशूला पाहून ते नमन करतात, आणि मत्तय न लपवता लिहितो, की कित्येकांना संशय वाटला. येशू मात्र शंकावाले इकडे, खात्रीवाले तिकडे, अशी निवड करत बसत नाही. सगळ्या राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, ही आज्ञा सगळ्यांना एकदमच मिळते.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आहे. 1895 साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या बरोबर गेल्या नाहीत. त्या ख्रिस्ती झाल्या त्या पुढे काही वर्षांनी, स्वतःचं स्वतःला पटल्यावर. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. 1919 साली टिळक गेले तेव्हा येशूच्या जीवनावरचं त्यांचं ख्रिस्तायन हे काव्य अर्धवट राहिलं होतं. ज्या कवीची गीतं मंडळ्यांमधून अजूनही गायली जातात, त्याच्या काव्याला पुढचे अध्याय जोडायचे म्हणजे छातीच हवी. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

प्रार्थनेच्या भाषेची तर आपण उगाचच धास्ती घेतो. पाण्यावर चालता चालता येशूचा शिष्य पेत्र बुडायला लागला तेव्हा तो ओरडला, "प्रभू, मला वाचवा!" ना दयाळू, ना प्रेमळ, ना शेवटी आमेन. आमच्या सभेत अशी प्रार्थना कुणी केली तर चहाच्या वेळी चर्चा होईल. मत्तय म्हणतो, येशूने तत्काळ हात पुढे केला. "अल्पविश्वासी" म्हणून पेत्राला ऐकून घ्यावं लागलं, पण हात धरल्यावर.

आमच्या अहरोन म्हणजे त्या समोरच्या आजीच. मी अडखळले की त्या मोठ्याने "होय प्रभू" म्हणतात, तेवढ्यात मला पुढचं वाक्य सुचतं. पाळकसाहेबांना मात्र वेगळीच काळजी असते. बुजणाऱ्या माणसाला एकदा लय सापडली की तो आवरत नाही. जिभेचा जड म्हणवणाऱ्या मोशेचंच बघा ना, बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचे 34 अध्याय, आणि बहुतेक सगळं त्याचंच भाषण.