बोट ठेवून दाखवता येणारे दुखणे : वेटलिफ्टिंग आणि माझा सॅक्रोइलियाक सांधा

पाठीच्या तळाशी दोन्ही बाजूंना ज्या लहानशा खळ्या दिसतात, त्यांपैकी उजव्या खळीच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला माझे दुखणे होते. ती जागा मला एका बोटाने नेमकी दाखवता येत असे. त्रास वाढला की तेथून एक ठणका कुल्ल्यात आणि कधी मांडीच्या मागच्या बाजूला उतरत असे. मात्र तो गुडघ्याखाली कधी गेला नाही, पायाला मुंग्या आल्या नाहीत आणि पायातली ताकदही कमी झाली नाही. हे तपशील निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते, हे मला पुढे समजले. ज्यांना असे दुखणे आहे आणि ज्यांना वजन उचलणे सोडायचे नाही, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव मी सविस्तर लिहीत आहे.

मी सांगलीची. महाविद्यालयात असताना वेटलिफ्टिंग सुरू केले आणि नोकरी लागल्यावरही ते सोडले नाही. आमच्या भागात या खेळाचे कोणाला नवल वाटत नाही. शेजारच्या कुरुंदवाडच्या ओंकार ओतारीने २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवले आणि सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्यपदक आणले. त्यामुळे मुलीने बार उचलला म्हणून आमच्या घरी कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. दुखणे सुरू झाल्यावर मात्र सगळ्यांचे बोट आधी बारकडेच गेले.

त्रासाची सुरुवात एखाद्या लिफ्टमध्ये कट्कन आवाज होऊन झाली नाही. राज्य स्पर्धेच्या तयारीत जर्कचे, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे टाकत खांद्यावरचा बार डोक्यावर नेण्याचे, प्रमाण वाढले होते, आणि प्रत्येक जर्कनंतर मागचा उजवा पाय पुढे आणताना त्या जागी एक तीक्ष्ण कळ येऊ लागली. नंतर ती व्यायामशाळेबाहेरही येऊ लागली. एसटीची उंच पहिली पायरी उजव्या पायावर चढणे, स्कूटरवरून उतरताना पाय फिरवणे, जेवायला मांडी घालून बसल्यावर उठणे, रात्री कूस बदलणे अशा साध्या हालचालींना ती हमखास हजर असे. सरळ चालताना फारसे दुखत नसे. सारा भार एका पायावर आला किंवा दोन पाय दोन दिशांना गेले की दुखत असे.

पहिल्यांदा ज्या रुग्णालयात दाखवले तेथे एमआरआय झाला, त्यात खालच्या मणक्यांमधली एक गादी किंचित फुगलेली दिसली आणि तेवढ्यावर मला पूर्ण विश्रांती घेऊन वेटलिफ्टिंग कायमचे बंद करण्यास सांगण्यात आले. कोणतेही दुखणे नसलेल्या असंख्य माणसांच्या एमआरआयमध्येही अशी फुगलेली गादी दिसते, ही गोष्ट त्या वेळी मला कोणी सांगितली नाही. सांगितली असती तर ते काही आठवडे मी ज्या धास्तीत काढले ती टळली असती. विश्रांतीने कळ थोडी कमी झाली खरी, पण पाय आणि कंबर इतकी ढिली पडली की बादली उचलतानाही भरवसा वाटेना.

मिरजेला दवाखान्यांची वाण नाही. तेथे खेळाडूंवर उपचार करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचे नाव आमच्या प्रशिक्षक सरांनी सुचवले आणि माझ्या दुखण्याला प्रथमच नीट हात लागला. मॅडमनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवली आणि आधी मला पुन्हा पुन्हा पुढे वाकायला व मागे झुकायला लावले. दुखणे गादीचे असेल तर अशा हालचालींनी ते पायात उतरते किंवा पाठीकडे गोळा होते. माझे जागचे हलले नाही. मग त्यांनी सॅक्रोइलियाक सांध्यावर, म्हणजे कण्याचा तळ आणि कटीची (कंबरेखालच्या वेढ्याची) हाडे यांच्यामधल्या सांध्यावर, ताण देणाऱ्या चाचण्या घेतल्या. उताणे झोपवून गुडघा छताकडे करून मांडीच्या हाडातून खाली दाब देणे, कुशीवर वळवून कटीच्या कडेवर वरून दाबणे, एक गुडघा छातीशी आणि दुसरा पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडणे, अशा त्या एकूण पाच चाचण्या आहेत. त्यांतली एखादी दुखली तर तिला फार अर्थ नसतो. तीन किंवा अधिक चाचण्यांत आपले ओळखीचे दुखणे जागे झाले, तर सॅक्रोइलियाक सांध्यावर संशय घेणे रास्त ठरते. मांडीतून दाब दिला तेव्हा माझ्या तोंडून आपोआप "हेच ते" असे निघाले.

त्यानंतरची चाचणी मला सर्वांत बोलकी वाटली. सरळ झोपून उजवा पाय वीतभर उचलायला सांगितला, तेव्हा तो शिशाचा असल्यासारखा जड लागला. मग मॅडमनी दोन्ही तळहातांनी माझी कटी दोन्ही बाजूंनी घट्ट आवळून धरली आणि म्हणाल्या, "आता उचला." तोच पाय सहज वर गेला. माझा प्रश्न ताकदीचा जेवढा होता त्याहून अधिक तो सांधा आवळून धरण्याचा होता, हे त्या क्षणी मला शरीरातून समजले.

हा सांधा पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेले त्रिकोणी हाड, म्हणजे त्रिकास्थी, आणि दोन्ही बाजूंची कटीची पसरट हाडे यांच्यामध्ये असतो. धडाचा सारा भार त्यातूनच पायांकडे जातो. त्याचे पृष्ठभाग खडबडीत आणि एकमेकांत अडकणारे असतात, भोवती शरीरातल्या अत्यंत मजबूत अस्थिबंधांपैकी काही असतात, आणि त्याची हालचाल अवघी दोन-चार अंशांची असते. तो घट्ट राहतो तो काही अंशी या रचनेमुळे आणि काही अंशी स्नायूंच्या आवळण्यामुळे. उजव्या कुल्ल्याचा मोठा स्नायू आणि डाव्या बाजूचा पाठीचा रुंद स्नायू कंबरेवरच्या जाड पडद्याने जोडलेले असतात आणि दोघे मिळून सांध्यावर तिरकी पकड बसवतात. बार जमिनीवरून सुटतो तेव्हा नेमकी हीच पकड कामाला लागते.

म्हणूनच "हाड सरकले आहे, बसवून घे" हा सल्ला मी मानला नाही. तो मला कितीतरी जणांनी, अगदी मायेने दिला. सांधा मोकळा करून घेतल्यावर काही तास किंवा काही दिवस बरे वाटते, हे खरे आहे आणि त्यात वाईट काही नाही. परंतु एवढ्या घट्ट बांधलेला सांधा चालता-बोलता जागचा हलत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा उपचाराआधी आणि नंतर क्ष-किरणांनी काटेकोर मोजमाप केले गेले, तेव्हा हाडांच्या जागेत कोणताही फरक आढळला नाही. दर आठवड्याला हाड बसवून घेणाऱ्याच्या मनात आपले शरीर खिळखिळे झाल्याची भावना घर करते, आणि वजन उचलणाऱ्याला ती फार महागात पडते.

व्यायाम सुरू करण्याआधी मॅडमनी एक शंका काटेकोरपणे दूर करून घेतली. तरुण वयात सुरू झालेले, तीन महिन्यांहून अधिक टिकलेले, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ ताठरपणा ठेवणारे, उत्तररात्री झोपेतून उठवणारे आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होणारे दुखणे असेल, तर ते सांध्याच्या दाहाचे, म्हणजे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिससारख्या विकाराचे असू शकते. त्याचा उपचार संधिवाततज्ज्ञाकडे असतो; व्यायामाबरोबर औषधेही लागतात. माझी सकाळ ताठर नव्हती, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या आणि एमआरआयमध्येही या सांध्यात दाह नव्हता. ही पायरी कोणीही गाळू नये असे मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या टप्प्यात सांधा शांत करायचा होता, पण बार सुटू द्यायचा नव्हता. जमिनीवरून ओढणे, पूर्ण खोल स्क्वॉट आणि स्प्लिट जर्क या तीन गोष्टी थांबल्या. गुडघ्याच्या वरच्या उंचीवर ठेवलेल्या ठोकळ्यांवरून हलके पुल (बार वर ओढणे), उभ्याने प्रेस, पुल-अप या गोष्टी चालू राहिल्या. त्यांच्या जोडीला ब्रिज, साइड प्लँक आणि गुडघ्यांत चेंडू धरून दाबणे असे स्थिर व्यायाम आले. दिवसा कटीवर, खुब्याच्या हाडांच्या जरा वर बसणारा अरुंद पट्टा काही काळ वापरला. लिफ्टिंगचा रुंद पट्टा पोटाभोवती असतो. या कामाला त्याचा उपयोग नाही. रात्री गुडघ्यांत उशी धरून आणि कूस बदलताना दोन्ही गुडघे एकत्र वळवून झोपू लागले, आणि केवळ एवढ्याने झोप परत आली.

वजन किती वाढवायचे याचा नियम साधा होता. शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंतचे दुखणे व्यायाम करताना चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आले पाहिजे. आले नाही तर पुढच्या वेळी वजन किंवा सेट कमी करायचे. या नियमाने माझ्या मनातली भीती जितकी काढली तितकी कोणत्याही गोळीने काढली नसती, कारण प्रत्येक कळ म्हणजे इजा नव्हे हे रोजच्या हिशेबातून सिद्ध होत गेले.

स्क्वॉट आम्ही ज्या रीतीने परत मिळवला ती रीत मुद्दाम सांगते. स्क्वॉटच्या तळाशी कटी आत वळते आणि माझी कळ नेमक्या त्याच खोलीवर येत असे. म्हणून मागे एक लाकडी खोके ठेवून त्यावर रबरी मॅट रचल्या, आणि जेवढ्या उंचीवर कळ येत नाही तेवढ्यावर टेकून उठायचे ठरले. १५ किलोच्या रिकाम्या बारने सुरुवात केली. ती उंची सवयीची झाली की वरची एक मॅट काढायची आणि बारवर घाई न करता थोडे वजन चढवायचे. पायांतले अंतर पूर्वीपेक्षा किंचित वाढवले आणि पंजे थोडे बाहेर वळवले, तेव्हा तळाशी जागा मिळाली. त्याच सुमारास रोमानियन डेडलिफ्ट आणि हिप थ्रस्ट हे कुल्ल्याचे व्यायाम आणि एका हातात जड वजन घेऊन सरळ चालणे सुरू झाले. यातले शेवटचे दिसायला अगदी साधे, कळशी एका बाजूला घेऊन चालल्यासारखे, पण कटी एका बाजूला न झुकू देण्याचे शिक्षण त्याच्याइतके दुसऱ्या कशाने मिळाले नाही.

याच काळात शेजारच्या आजी एकदा जिन्यात थांबवून म्हणाल्या, "अगं, बायकांच्या कंबरेला असली वजनं सोसत नाहीत. पुढं बाळंतपणात जड जाईल हं." त्यांना मी मीराबाई चानूबद्दल सांगितले. २०१८ साली कंबरेच्या दुखण्यामुळे मीराबाईला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेवर पाणी सोडावे लागले. पुढे ती अमेरिकेत सेंट लुईसला जाऊन उपचार घेऊन आली, एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ११९ किलोचा जागतिक विक्रम केला आणि त्याच वर्षी टोकियोत एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले. तिचे दुखणे माझ्यासारखेच होते असे मी म्हणत नाही. पण दुखावलेली कंबर नीट तयारी केली तर पुन्हा जागतिक वजन पेलते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. आजींना हे पटले की नाही ते त्याच जाणोत, पुढच्या वेळी मात्र त्यांनी आपणहून "आता किती उचलतीस?" असे विचारले.

सांध्यात इंजेक्शन घेण्याचा विषयही मध्ये निघाला. भूल देणारे औषध यंत्राच्या मार्गदर्शनाखाली थेट सांध्यात सोडून दुखणे थांबते का हे पाहणे, हा निदान पक्के करण्याचा मार्ग आहे, आणि स्टेरॉइड दिले तर काही जणांना काही काळ आराम पडतो. पण स्पर्धेत उतरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की उत्तेजकविरोधी नियमांनुसार २०२२ पासून स्पर्धेच्या काळात ग्लुकोकॉर्टिकॉइडचे, म्हणजे याच प्रकारच्या स्टेरॉइडचे, कोणतेही इंजेक्शन निषिद्ध आहे, आणि २०२४ पासून ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळीही त्या यादीत आली आहे. डॉक्टर खेळाशी परिचित नसतील तर हे आपणच सांगावे लागते. मला सुधारणा होत होती, म्हणून इंजेक्शनची वेळ आली नाही.

जमिनीवरून लिफ्ट परत आल्या त्या क्रमाने : आधी ठोकळे गुडघ्याखाली आले, मग खोल न बसता करायचे पॉवर स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) आणि पॉवर क्लीन (बार खांद्यापर्यंत), मग पूर्ण बैठकीच्या लिफ्ट. यात विशेष अडचण आली नाही. अडला तो जर्कच. स्प्लिटमध्ये एक पाय पुढे आणि एक मागे जातो, तेव्हा कटीची दोन हाडे विरुद्ध दिशांना ओढली जातात, आणि लिफ्टर वर्षानुवर्षे एकच पाय पुढे टाकत असतो. म्हणून बराच काळ मी पॉवर जर्क केला, ज्यात दोन्ही पाय समांतर राहतात. त्याच्या बरोबरीने रिकाम्या बारने दोन्ही बाजूंनी स्प्लिटचा सराव केला, मागच्या पायाच्या कुल्ल्याचा स्नायू आवळून जागेवर थांबण्याचा सराव केला, आणि कोपनहेगन प्लँकने मांडीच्या आतल्या बाजूला ताकद आणली. सरांनी एक बारीक बदलही करवला : जर्कनंतर आधी पुढचा पाय अर्धा मागे आणायचा आणि मगच मागचा पुढे. हा नियम सगळ्यांना पहिल्या दिवशीच शिकवतात, पण जड वजनाखाली तो पाळण्याची ताकद माझ्या कटीत आता कुठे आली होती.

आज मी जुन्या वजनांच्या जवळ आहे. स्नॅच पूर्वीपेक्षा थोडी वर गेली आहे. एसटीत लांबचा प्रवास झाला की दुसऱ्या दिवशी उजवी बाजू जरा कुरकुरते. त्या दिवशी मी जर्क पॉवरनेच करते आणि स्प्लिट पुढच्या दिवसावर टाकते. सरावाआधी ब्रिज आणि साइड प्लँक अजून चालू आहेत, एका हाताने वजन घेऊन चालणे आठवड्यातून दोनदा ठरलेले आहे, आणि डावा पाय मागे टाकून हलके जर्क आता आमच्या व्यायामशाळेतल्या लहान मुलीही करतात, कारण सरांनी ते सगळ्यांच्या वॉर्म-अपमध्येच घातले आहे.