पोह्याच्या डब्यामागून मावशी बोलते

गेले पंधरा दिवस आमच्याकडे एकच रड. आई म्हणते, "फोन वाजतो, मी उचलते, हॅलो हॅलो करते, पण पलीकडून कुणी बोलतच नाही." आणि चिंचवडची मावशी मला वेगळा फोन करून सांगते, "अरे, तुझी आई विहिरीत बसून बोलल्यासारखी बोलते, फोन बदलून दे तिला एकदाचा."

मी राहतो वाकडला, आई नारायण पेठेत. शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधत शोधत पोचलो, तिच्या फोनवरून मलाच फोन लावून बघितला तर आवाज एकदम स्वच्छ. पुढच्या शनिवारी तेच. मग एका रिपेअरिंगवाल्याकडे नेला, तिथेपण फोन व्यवस्थित चालला, तरी तो म्हणे माईक बिघडत चाललाय, खालची चार्जिंगची पट्टी बदलावी लागेल, ९०० रुपये. म्हटलं बिघाड दिसतच नाहीये तर बदलायचं काय? तर म्हणे दिसेल. नमस्कार करून निघालो. (बऱ्याच फोनमध्ये माईक त्या पट्टीवरच असतो हे खरंय, त्यामुळे तो अगदीच थापा मारत नव्हता, पण तरी.)

शेवटी एका रविवारी सकाळी आईकडेच होतो. पोहे खातोय, किचनमध्ये अभंग चालू, तेवढ्यात फोन वाजला, अभंग थांबले, आईने फोन उचलून कानाला लावला आणि झालं सुरू, हॅलो, हॅलो, अगं बोल ना. आणि मला भिंतीतल्या फडताळातून अगदी बारीक आवाज आला, "ऐकू येतंय का गं?" दार उघडलं तर पोह्याच्या डब्यामागून मावशी बोलतेय!

तर भानगड अशी. मीच दोन वर्षांपूर्वी तापकीर गल्लीतून आईला ब्लूटूथ स्पीकर आणून दिला होता. त्यावर फोडणी उडते म्हणून आई तो फडताळात ठेवते, दार बंद करून. सकाळी अभंग चालू असताना फोन आला की कॉलचा आवाज गुपचूप स्पीकरवर जायचा. नुसता आवाज नाही, माईकपण स्पीकरचाच. म्हणजे आई बोलतेय फोनमध्ये आणि ऐकतोय फडताळातला स्पीकर, मग मावशीला विहीर नाही तर काय वाटणार. आणि संध्याकाळी मी यायचो तोवर तो स्पीकर आपला आपण बंद होऊन झोपलेला असायचा, त्यामुळे मला कधी काही सापडलंच नाही.

बरं, अभंग एवढे खणखणीत मग मावशी एवढी बारीक का? कारण ब्लूटूथवर गाण्याची लाइन वेगळी आणि कॉलची वेगळी, दोन्हीचा व्हॉल्यूमही वेगळा. कॉलचा व्हॉल्यूम सहसा कॉल चालू असतानाच वाढवता येतो, आणि आईने तो कधी वाढवायचा, तिला माहीतच नाही आवाज कुठून येतोय. कॉलला आवाज दोन्हीकडून न्यायचा असतो म्हणून क्वालिटीपण कमी, गाण्याला आवाजाचे सेकंदाला सहसा ४४,१०० नमुने घेतले जातात (जितके जास्त तितका आवाज स्पष्ट) तर कॉलला जुन्या पद्धतीत ८,००० आणि सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. म्हणून भारी स्पीकरवरही कॉल पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्यात स्पीकरचा दोष नाही.

उपाय दोन मिनिटांचा. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावापुढे गिअरचं चिन्ह असतं, ते दाबलं की कॉल आणि मीडिया अशी दोन वेगळी बटणं दिसतात. कॉलचं बंद केलं, मीडियाचं चालू ठेवलं. अभंग स्पीकरवर, मावशी कानात.

तरी आई म्हणते, आवाज बारीकच. फोनच्याच लाऊडस्पीकरवर टाकून बघितलं तर मोठा, म्हणजे नेटवर्क वगैरे ठीक, गोची कानाजवळच्या जाळीत. टॉर्च मारून बघितलं तर जाळीत कणीक. पिठाच्या हातानेच फोन घेते ना! कोरड्या मऊ टूथब्रशने हळूहळू काढली. टाचणी अजिबात घालायची नाही, जाळी फाटते, आणि फुंकर मारली तर तोंडातला ओलावा आत जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आईचा फोन, स्पीकर लागतच नाहीये. आता यात काही बिघाड नव्हता, भाचा राहायला आला होता आणि रात्री त्याने गाणी लावली होती, स्पीकर चालू झाला की शेवटच्या फोनला आधी धरतो. भाच्याला ब्लूटूथ बंद करायला लावलं, आईचा फोन जोडला गेला.

एवढं सगळं करून चार दिवस झाले नाहीत तर आई म्हणते, "ते कॉलचं बटण परत चालू करून दे रे. पोळ्या लाटताना हात मोकळे राहतील." करून दिलं. स्पीकर आता फडताळाबाहेर आहे, ओट्यापासून लांब, फ्रिजवर, कॉलचा व्हॉल्यूम फुल. काल मी चहा पीत होतो तर मावशी फ्रिजवरून माझ्या वजनाबद्दल बोलत होती.